वीस अंशांच्या खोलीतला गळ

चाकणच्या कंपनीत रुजू झाले त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी एका पार्टचं ड्रॉइंग शोधण्यात अख्खा तास घालवला. आमच्या स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या खोलीत, एक प्रोफाइल प्रोजेक्टर होता. बारीक वस्तू त्याच्या काचेवर ठेवली की तिची सावली पडद्यावर वीसपट मोठी दिसते आणि मग तिचे कोन, गोलाई वगैरे मोजता येतात. जेवणाच्या सुट्टीनंतर मी आत आले तर पडद्यावर ताटाएवढा, हुकासारखा काळा आकार पसरलेला. एका टोकाला भोक, दुसऱ्या टोकाला सुईसारखी अणी, आणि अणीच्या आतल्या बाजूला एक उलटा दात. नवीन पार्ट असणार, असं समजून मी कपाटातल्या फायली काढून बसले. एकही ड्रॉइंग जुळेना. पहिल्याच आठवड्यात कुणाला विचारायचं म्हणजे लाज, म्हणून शेवटी मी आपली त्याचा कोन मोजून वहीत लिहायला लागले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "त्याचं ड्रॉइंग माशाच्या तोंडात असतंय, माय."

हे आमचे इनचार्ज. कंपनीत त्यांना सगळे काकाच म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेली, बारीक अंगकाठी, कानांवर पांढरे केस, आणि बाराही महिने अंगात बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर. आमच्या खोलीचं तापमान कायम वीस अंश ठेवावं लागे, कारण लोखंड गरम झालं की वाढतं आणि मोजमाप चुकतं. बाहेर चाकणचं मे महिन्याचं ऊन डोकं फोडत असताना काका स्वेटर घालूनच कॅन्टीनला जायचे. काढत का नाही, असं मी एकदा विचारलं. परत घालताना बटणं मोजावी लागतात म्हणाले. त्या स्वेटरला बटणंच नव्हती.

त्यांच्याशी बोलताना असंच व्हायचं. उत्तर मिळायचं, आणि उत्तरानं आपण आणखी गोंधळायचो.

काका मूळचे लातूरकडचे. टँकर आला की पाणी, अशा गावातले. गावाला नदी होती, पण उन्हाळ्यात तिच्या पात्रातून एसटी जायची, असं ते सांगत. वयाच्या विशीत ते आयटीआय करून पिंपरीला आले, कासारवाडीत भाड्यानं राहिले, आणि पहिल्यांदा पवनेच्या काठावर बसलेला गळवाला पाहून तिथंच दोन तास उभे राहिले. त्या दिवशी पहिल्या पाळीला खाडा झाला. मासे खाण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. घरात तीन पिढ्यांत कुणी खाल्ले नव्हते आणि काकांनीही कधी खाल्ले नाहीत. त्यांना आवडलं ते सामान. काठी, दोरी, रीळ, गळ, शिशाचं वजन. एवढ्याशा गोष्टी जोडून माणूस न दिसणाऱ्या गोष्टीला हात लावू शकतो, याचं त्यांना नवल वाटलं होतं.

कासारवाडीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा छताकडं बघतच राहिले. छताला दोऱ्यांनी टांगलेले पाण्याचे पांढरे पाइप होते आणि प्रत्येक पाइपात गळाचा एक रॉड. पाइपावर काकांच्या नेटक्या अक्षरात चिठ्ठी: लांबी, वजन, कुठल्या पाण्यासाठी, कुठल्या माशासाठी. कंपनीत प्रत्येक गेजचं, म्हणजे मोजायच्या साधनाचं, जसं हिस्टरी कार्ड असतं तसं प्रत्येक रॉडचं आणि रिळाचं कार्ड होतं. मरळीसाठी वेगळा रॉड, रोहूसाठी वेगळा, कटल्यासाठी दोन. मी काकूंना विचारलं, हे सगळे मासे त्यांनी धरलेत का? काकू म्हणाल्या, मरळीचा रॉड अकरा वर्षांचा आहे, मरळ अजून यायची आहे.

सामान निवडायची त्यांची पद्धत तर निराळीच. पिंपरी कॅम्पात एक दुकान होतं. काका आत शिरले की दुकानदार स्टूल पुढं सरकवायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचा. मी एकदा त्यांच्यासोबत होते. त्यांनी एकाच जातीची दोन रिळं मागितली. डोळे मिटून एक रीळ कानाशी धरलं आणि सावकाश हँडल फिरवलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. अर्धा तास असं चाललं. मला दोन्हींत काडीचा फरक ऐकू आला नाही. शेवटी त्यांनी दोन्ही परत केली आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणाले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, हल्ली सगळे ऑनलाइन मागवतात. ते म्हणाले, फोटोला वजन नसतं. एक रीळ घ्यायला त्यांना साधारण वर्ष लागायचं. घेतल्यावर मात्र ते त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत, जणू चर्चा संपली.

गळांच्या बाबतीत आणखी एक होतं. विकत आणलेल्या प्रत्येक गळाच्या अणीतला तो उलटा दात काका आधी प्रोजेक्टरवर बघायचे, मग बारीक कानशीनं घासून काढायचे आणि पुन्हा प्रोजेक्टरवर लावून काही राहिलं का बघायचे. तोच मी पहिल्या आठवड्यात पाहिला होता, घासायच्या आधीचा. दात गेला की मासा सहज सुटतो. म्हणजे इतक्या निगुतीनं रॉड निवडायचा, रीळ निवडायचं, दोरी निवडायची, आणि शेवटी मासा निसटेल अशी सोय करून ठेवायची.

हे मला कळावं म्हणून मी एका गुरुवारी त्यांच्याबरोबर भामा आसखेडच्या पाण्यावर गेले. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. बरोबर आमच्या खोलीतला दीपक होता. काकांनी कणकेत हळद आणि थोडा हिंग मळून गोळ्या केल्या, रॉड जोडला, दोरीला तीनदा गाठ मारली आणि दोनदा सोडली. पाण्यात गळ पडेपर्यंत दीड तास गेला होता. दीपक तोवर झाडाखाली झोपला होता. मग काका बसले ते बसलेच. रॉडच्या टोकाकडं त्यांची नजर अशी लागलेली की मी दोनदा बोलले तेही त्यांना कळलं नाही. दुपारी एकदा टोक वाकलं. काकांनी हात नुसता वर उचलला, घाई न करता, आणि तळहाताएवढी चिलापी बाहेर आली. त्यांनी हात पाण्यात बुडवून ओले केले, मासा पट्टीवर धरला, लांबी मला वहीत लिहायला सांगितली आणि तो पाण्यात सोडून दिला.

परतताना मी विचारलं, एवढासा मासा तर नुसत्या काठीनंही आला असता, मग इतकं सामान कशाला? काकांनी खांद्यावरचा रॉड सावरला. मग म्हणाले, "मासा धरायला काहीच लागत नाही, माय. न धरता घरी जायला सामान लागतंय."

दीपक हसला. मी हसले नाही, पण समजलं मलाही नव्हतं. आजही नीट समजलंय असं म्हणवत नाही.

मला तिथं तीन वर्षं होत आली तेव्हा काकांचं काहीतरी बिनसलं. रिळासाठी वर्ष घालवणाऱ्या माणसानं पाच महिन्यांत तीन रॉड घेतले. एक आणला की महिनाभरात त्याच्यावर खोट काढायची आणि दुसऱ्याच्या मागं लागायचं. तक्रार एकच, टोक नाचतंय. नुसता धरला तरी टोक नाचतंय, मग मासा लागला की नाही हे कळणार कसं? त्यांनी एका रॉडच्या मुठीचं बूच काढून नवं बसवलं. दुसऱ्याच्या मुठीत शिसं भरलं. तिसऱ्याला सायकलची ट्यूब गुंडाळली. जेवणाच्या सुट्टीत रॉड घेऊन ते मला कॅन्टीनच्या मागं, शिरीषाच्या झाडाखाली नेत आणि हातात देऊन विचारत, नाचतंय का? माझ्या हातात रॉड अगदी गप्प असायचा. मी नाही म्हटलं की ते रॉड परत घेत, स्वतः धरत आणि टोकाकडं बघत राहत. मी त्या वेळी टोकाकडंच बघायचे, त्यांच्याबरोबर. त्यांच्या हाताकडं बघायचं मला सुचलं नाही. वर्षानुवर्षं ज्यांच्या हातावर आमची खोली चालली, त्यांच्या हातात काही असेल हा विचारच डोक्यात येत नाही.

त्याच सुमारास आमच्या खोलीनं पास केलेले काही पार्ट गिऱ्हाइकाकडून परत आले. पार्टमधल्या भोकाचा व्यास मापात नव्हता. मॅनेजरनी मला एक अभ्यास करायला सांगितला. कारखान्यात तो नेहमीचाच असतो. दहा पार्ट घ्यायचे, तीन माणसांनी प्रत्येक पार्ट तीन तीनदा मोजायचा, आणि आकडेमोड करून बघायचं की फरक पडतोय तो पार्टमुळं, गेजमुळं, की मोजणाऱ्यामुळं. तीन माणसं म्हणजे मी, दीपक आणि काका.

भोक मोजायचं गेज आत घालून हलकेच मागंपुढं झुलवावं लागतं आणि डायलचा काटा जिथून परत फिरतो तो आकडा पकडावा लागतो. सगळी करामत हाताची. ही करामत मला काकांनीच शिकवली होती, माझ्या हातावर हात ठेवून. माझी आणि दीपकची रीडिंग ठीक आली. काकांनी आपली रीडिंग पहिल्या पाळीत, मी यायच्या आधीच घेऊन ठेवली होती. एकच पार्ट तीनदा मोजलेला आणि तीन वेळा तीन वेगळे आकडे. दहाच्या दहा पार्टचं तसंच. आकड्यांचं अक्षरही त्यांचं वाटत नव्हतं, बारीक आणि तुटक झालं होतं.

मला वाटलं गेज बिघडलं. मी दुसरं गेज काढलं, मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कड्यावर, लावून घेतलं आणि काकांना पुन्हा रीडिंग घ्यायला सांगितलं. त्यांनी काही न विचारता घेतली. पुन्हा तेच. मी पार्ट बदलले. पुन्हा तेच. मग एके दिवशी ते गेज धरून बसलेले असताना मी खोलीच्या काचेतून पाहिलं. डायलचा काटा थांबतच नव्हता. काका डाव्या हातानं उजवं मनगट धरून बसले होते.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला आजही संकोच वाटतो. मी काकांच्या वाटची तीस रीडिंग स्वतः घेतली आणि त्यांच्या नावाच्या रकान्यात लिहिली. अगदी माझ्यासारखी दिसू नयेत म्हणून मधे मधे थोडाफार फरकही टाकला. असं का केलं, ते मला तेव्हाही धड सांगता आलं नसतं. त्यांना वाचवायचं होतं, की तो रकाना नजरेसमोर नको होता, कोण जाणे. कागद मी मॅनेजरना द्यायच्या फाइलीत लावला. कागदावर तिघांच्याही सह्या लागत, म्हणून फाइल आधी काकांकडं गेली.

संध्याकाळी पाळी सुटायच्या तासभर आधी ते माझ्या टेबलाशी आले. कागद समोर ठेवून त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं. बोट हलत होतं.

"ही माझी रीडिंग नाहीत," ते म्हणाले. "मी कायम इतरांपेक्षा अर्धा मायक्रॉन कमी वाचतो. पंचवीस वर्षं झाली. यात एकपण कमी नाही."

 त्यांनी नवा कोरा कागद घेतला, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, मी वाचतो, तू लिही. मग त्यांनी तीसच्या तीस रीडिंग घेतली. एकेका आकड्याला दोन दोन मिनिटं लागत होती. काटा स्थिर होईपर्यंत ते थांबायचे, तो स्थिर व्हायचा नाही, मग जो दिसेल तो आकडा सांगायचे. मी लिहीत होते. पाळीची बस निघून गेली. दीपक दारात येऊन उभा राहिला आणि आमच्याकडं बघून परत गेला.

शेवटचा आकडा लिहून झाल्यावर त्यांनी मला तिथंच हिशेब करायला सांगितलं. मी केला. त्यांनी विचारलं, गेजचं किती, माणसाचं किती? मी सांगितलं. गेजचं जवळजवळ काहीच नव्हतं. त्यांनी मान हलवली, सही केली, आणि तो कागद घेऊन स्वतः मॅनेजरच्या केबिनकडं गेले. माझा कागद त्यांनी चारदा घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला होता. त्याबद्दल ते कुणाजवळ कधी बोलले नाहीत. माझ्याजवळही नाही.

कंपनीनं त्यांना वाईट वागवलं असं नाही. नव्या लोकांना शिकवायचं काम देऊ केलं. आठ दिवस त्यांनी ते केलं. फळ्यावर काढलेली रेघ वाकडी यायला लागली तेव्हा, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना, राजीनामा दिला. कंपवात आहे, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. निरोपाला दीपक बोलला, मॅनेजर बोलले. काकांना बोलायचा आग्रह झाला तेव्हा ते उठले आणि खोलीच्या एसीचं फिल्टर दर महिन्याला साफ करा, एवढं सांगून बसले.

तीन महिन्यांनी एका गुरुवारी मी कासारवाडीला गेले. मनात अपराधी वाटत होतं. तो अभ्यास मी केला नसता तर ते आणखी काही दिवस राहिले असते, असं सारखं डोक्यात यायचं. काका दूध आणायला खाली गेले होते. मी काकूंना हे बोलून दाखवलं. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. त्या माझ्याकडं नवलानं बघायला लागल्या.

"तुझ्या अभ्यासानं काय झालं? त्यांना तर दोन वर्षांपास्नं ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. कपाटातून त्यांनी डॉक्टरची फाइल काढून दाखवली. पहिल्या कागदावरची तारीख मी दोनदा वाचली. पाच महिन्यांत घेतलेल्या त्या तीन रॉडांपैकी पहिला घ्यायच्या कितीतरी आधीची ती होती. डॉक्टरांनी आजाराचं नावही स्पष्ट लिहिलं होतं. काका त्या दिवशी घरी आले, जेवले, आणि काकूंना म्हणाले, डॉक्टर तरुण आहे, शिकेल हळूहळू. गोळ्या मात्र वेळच्या वेळी घेत होते.

मला काही सुधरेना. माहीत होतं, तर शिरीषाखाली माझ्या हातात रॉड देऊन ते काय विचारत होते? मुठीत शिसं का भरत होते? आणि त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून तीस रीडिंग का घेतली, जर उत्तर खिशात होतंच?

काका दूध घेऊन आले. चहा झाला. ते मला रिक्षापर्यंत सोडायला निघाले. पाय थोडे ओढत चालत होते, पण हात धरू दिला नाही. वाटेत मी विचारून टाकलं, की तुम्हाला आधीपासून माहीत होतं तर सांगितलं का नाही.

"डॉक्टरनं काय केलं, तर नाकाला बोट लावा म्हणाला. मग चालून दाखवा म्हणाला. त्याला काय मोजणं म्हणतात होय? एक आकडा नाही कागदावर," ते म्हणाले. "मोजलंस तू."

ते हे अगदी सरळ बोलले. चिडून नाही, आणि माझी समजूत घालायला म्हणूनही नाही. मला काय वाटून घ्यावं कळेना. रस्ता ओलांडायला आम्ही थांबलो. मी विचारलं, मग ते तीन रॉड?

काका गाड्यांकडं बघत म्हणाले, "एखादा न हलणारा मिळाला असता, तर डॉक्टर चुकला असता."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. या आजारात हळूहळू चेहराही हलायचा कमी होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते चेष्टा करत होते, की खरंच पाच महिने तसा रॉड शोधत होते, हे मला समजेना. रिक्षा आली. मी राहते ती रहाटणी त्यांनी ड्रायव्हरला सांगितली, माझ्या पिशवीचा बंद आत ढकलला आणि मागं वळून चालायला लागले. मी त्यांना हाक मारली नाही. पुन्हा विचारायला जायचं म्हणते, पण अजून गेलेले नाही.